अप्पा उठले

आमच्या अप्पांना घरात एकही बटण विनाकारण चालू राहिलेलं खपत नाही. अप्पा म्हणजे माझे वडील. रात्री जेवण झालं की ते मंगळवेढ्याच्या घरात एक फेरी मारतात आणि पंखा, टीव्ही, देवघरातला लाल बल्ब, सगळं एकेक करून बंद करतात. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे ओसरीवर सुपारी कातरत बसले होते आणि अप्पांनी दिवा घालवला. सासऱ्यांनी अंधारातच सुपारी तोंडात टाकली आणि पुढं कितीतरी दिवस मला त्यावरून ऐकवलं.

आई गेल्यावर अप्पा त्या घरात एकटेच राहिले. जुळे सोलापूरला आमच्या फ्लॅटमध्ये यायला तयार नव्हते. एकदा कसेबसे आले आणि दोन-चार दिवसांतच पिशवी भरून दारात उभे राहिले. "हितं मानूस दार लावून बसतंय. मला न्हाय जमायचं." रान वाट्यानं दिलेलं, शेजारच्या काकू भाकरी-कालवण आणून देणाऱ्या, सकाळी लिंगपूजा, दुपारी झोप, संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर गप्पा. त्यांचं बरं चाललं होतं. बरं चाललं नव्हतं ते माझं.

मी जातीची घाबरट. लहानपणी अप्पांना बाजाराहून यायला जरा उशीर झाला की मी दारात उभी राहून रडायला लागायचे. आई म्हणायची, "ही पोरगी आदी मानूस मारती आन् मग वाट बघती." ते वयाबरोबर कमी होईल असं सगळे म्हणायचे. झालं नाही. उलट आई गेल्यावर मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधीच विचार करायचे, अप्पा उठले असतील का?

फोन करावा, तर अप्पांना फोनवर बोलायचं म्हणजे शिक्षा. "जिवंत हाय. ठेव," एवढंच बोलायचे. रोज करायला लागले तर उचलेनासेच झाले. शेवटी रविवारी एकदा फोन करायचा असं ठरलं. कॅमेरा बसवू म्हटलं, तर भडकले. "मी काय चोर हाय व्हय? घरात बसून माझ्यावर डोळं ठेवनार?"

मी सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्याच्या कचेरीत संगणक सांभाळते. कचेरीतले संगणक रात्रभर नीट चालले का, माल पाठवल्याचे कागद नीट साठवले गेले का, हे बघणं माझ्याकडं. ते सगळं मी हातानं बघत बसत नाही. त्यासाठी स्क्रिप्ट लिहून ठेवते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामं, एका खाली एक. त्यातलं माझं नेहमीचं काम म्हणजे आतल्या आत एखादी आज्ञा चालवायची आणि तिचं उत्तर पडद्यावर सांडू न देता मधल्या मध्ये ओंजळीत धरायचं. मग ते उत्तर बघून पुढं काय करायचं ते स्क्रिप्टनंच ठरवायचं. माणूस लागत नाही.

एका सुट्टीत मी मंगळवेढ्याला गेले होते. सकाळी अप्पा उठले, देवाला हात जोडले आणि दाराजवळचं मोठं बटण खाली केलं. त्या एका बटणावर ओसरीतलं सगळं चालू होतं, मी बसवून दिलेला वायफायचा डबासुद्धा. त्याचे हिरवे दिवे लागले. रोज रात्री अप्पा तो डबाही बंद करायचे आणि त्यावरून मी त्यांच्याशी भांडायचे. त्या सकाळी मात्र मी ते दिवे बघत उभी राहिले. हा डबा रोज अप्पा उठल्यावरच जागा होतो, मग मला कॅमेरा कशाला हवा?

पुढच्या खेपेला मी साबणाच्या वडीएवढा एक छोटा संगणक नेला आणि त्या डब्याशेजारी, त्याच बटणावर जोडला. आमच्या फ्लॅटमधल्या संगणकात स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी सात वाजता तिनं त्या वडीला विचारायचं, तू कधीपासून जागी आहेस? वडी सांगणार, इतका वेळ झाला. ते उत्तर स्क्रिप्ट हातात धरणार आणि मला फोनवर निरोप पाठवणार, 'अप्पा उठले. सगळं ठीक.' उत्तर आलं नाही तर निरोप येणार, 'उत्तर नाही.'

अप्पांना हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही हात मागं बांधून ऐकलं.

"म्हंजे मी बटन लावलं की तुला तितं कळनार?"

"हो."

"आन् न्हाय लावलं तर?"

"तर मी येणार."

"लगीच?"

"लगेच. हातातलं काम टाकून."

त्यांनी एकदा बटणाकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "बरं हाय की," म्हणाले.

पुढं पंधरवड्यानं एका सकाळी फोनवर आलं, 'उत्तर नाही.' माझ्या हातातून कपच पडला. नवऱ्यानं गाडी काढली, वाटेत मी कितीदा रडले ते त्यालाच ठाऊक. पोचलो तर अप्पा ओसरीत ठणठणीत बसलेले, पुढं हुरडा भाजून ठेवलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. "म्हनलं बघावं तरी, येती का न्हाय. आलीस की!" एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर माझ्या लग्नातही बघितला नव्हता. मी त्यांच्याशी बोललेच नाही. हुरडा मात्र खाल्ला.

त्यानंतर त्यांनी खोडी काढली नाही. रोज सात वाजता फोन थरथरायचा. मी पोळपाटाशी उभी असले तर पिठाच्या बोटानं बघायचे. नवरा दाढी करता करता आतून विचारायचा, "अप्पा?" मी म्हणायचे, "उठले." आमचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

आता माझ्यासारख्या बाईला एवढ्यानं पुरतं का? थंडी वाढायला लागली तशी मला नवी काळजी लागली. अप्पा उशिरा तर उठत नाहीत? म्हाताऱ्या माणसाची झोप वाढणं चांगलं नाही असं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये थोडा बदल केला. वडीचं रोजचं उत्तर एका फाईलमध्ये उतरवून ठेवायचं, म्हणजे अप्पा किती वाजता उठतात ते मागं जाऊन बघता येईल. एका ओळीत थोडी भर घातली, एकदा चालवून बघितली, फाईलमध्ये उत्तर उमटलं, निरोप आला. झालं, म्हटलं.

तो गुरुवार होता. सकाळी निरोप आला होता. 'अप्पा उठले. सगळं ठीक.' नवरा कामासाठी लातूरला गेलेला, तरी मी सवयीनं त्यालाही कळवलं होतं. कचेरीत आल्यावर चहा येईपर्यंत वेळ होता म्हणून मी घरच्या संगणकाला जोडून घेतलं आणि ती फाईल उघडली. थंडी कडाक्याची पडली होती. अप्पा उशिरा उठतात का, एवढंच बघायचं होतं.

रविवारपर्यंत सगळं नीट होतं. वार, त्याखाली वडीचं उत्तर. वार, त्याखाली उत्तर. सोमवारच्या खाली काहीच नव्हतं. मंगळवारच्या खाली काहीच नव्हतं. बुधवार कोरा. त्या दिवशीचा गुरुवारही कोरा.

पहिल्यांदा मला फाईलचाच राग आला. काहीतरी लिहायचं राहिलं असेल म्हणून मी ती आज्ञा हातानं चालवली. कर्सर लुकलुकत राहिला. चहा आला, माझ्या टेबलावर ठेवला गेला, साय धरली. मग पडद्यावर एक ओळ आली, समोरून काही प्रतिसाद नाही. पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

सोमवारपासून वडी बोलतच नव्हती. मग निरोप कोण पाठवत होतं?

मी स्क्रिप्ट उघडली आणि मला ते दिसलं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून साधं करून सांगते. आधी स्क्रिप्ट वडीला विचारायची आणि उत्तर सरळ हातात घ्यायची. फाईल ठेवायची म्हणून मी मध्ये एक दुसरी आज्ञा बसवली होती. जे येईल ते लिहून घ्यायचं, एवढंच तिचं काम. आणि पुढच्या ओळीत स्क्रिप्ट विचारत होती, काम झालं का? हा प्रश्न आता वडीकडं जातच नव्हता. तो जात होता लिहून घेणाऱ्याकडं. लिहून घेणारा रोज म्हणत होता, झालं. समोरून काही आलं नाही, त्यानं काही लिहिलं नाही, तरी त्याच्या दृष्टीनं काम झालंच होतं. वडी सापडत नाही ही तक्रार संगणकानं केली नव्हती असंही नाही. पण तक्रारीची वाट वेगळी असते, उत्तराची वेगळी. मी ओंजळ धरली होती उत्तराच्या वाटेला. तक्रारी जात होत्या संगणकातल्या त्या टपालपेटीत, जी मी कधीच उघडत नाही.

चार दिवस. चार सकाळी मी म्हटलं होतं, "उठले."

अप्पांना फोन लावला. बंद. परत लावला. बंद. शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याकडं नव्हता, त्यांच्या पुण्यातल्या मुलाचा होता. त्याला लावला. तो म्हणाला, "बरे असतील की ताई. आईशी रविवारी बोललो, ती काय म्हनली न्हाय. काय झालं असतं तर म्हनली असती की."

"आत्ता विचारशील का तिला?"

"आई आत्ता रानात असंल, तितं रेंज न्हाय. संध्याकाळी इचारून सांगतो."

संध्याकाळी! मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी वाईट बोलले असणार, कारण नंतर बरेच दिवस तो माझ्याशी जरा जपूनच बोलत होता. साहेबांना मी काही सांगितलं का, तेही आठवत नाही. पर्स घेतली, स्कूटर एसटी स्टँडपर्यंत नेली आणि मंगळवेढ्याच्या गाडीत चढून बसले.

गाडी वेळ झाल्याशिवाय सुटेना. कंडक्टर खाली उभा राहून कुणाशी तरी हसत होता. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "शांत हो, लाइट गेली असेल तिकडं." चार दिवस? "फोनला चार्जिंग नसेल." चार दिवस? मग तो म्हणाला, "मी निघतो."

देगाव, तिऱ्हे, कामती. प्रत्येक थांब्यावर लोक निवांत चढत होते, निवांत उतरत होते. माझ्याशेजारी एक बाई पोराला बिस्किट भरवत होती. मी खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसले होते आणि मनातल्या मनात एकच हिशेब चालला होता. सोमवारी सकाळी बटण लावलं नाही. म्हणजे रविवारी रात्री, नाहीतर सोमवारी पहाटे. मग मंगळवार. मग बुधवार. त्यात थंडी. पाणी कुणी दिलं असेल? काकू गेल्या असतील का डोकवायला? काकू रानात असतात. ज्वारीवर पाखरं उठलीत, सगळी माणसं रानात असतात, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. अप्पांनी हाक मारली असेल तर ती कुणाला गेली असेल?

मी प्रार्थना करणाऱ्यातली नाही. पण बेगमपूरच्या पुलावर गाडी आली, खाली भीमेचं पाणी दिसलं आणि मी हात जोडले. काय मागितलं ते सांगते. मी म्हटलं, पडलेले असू देत. हातपाय मोडलेला असू दे. फक्त असू देत. आपल्याच बापासाठी हातपाय मोडल्याची भीक मागायची वेळ यावी, इतकी मी भ्याले होते.

स्टँडवरून घर चालत थोडं अंतर आहे. मी ते पळत गेले. चप्पल एकदा निसटली, ती हातात घेतली. गल्ली रिकामी होती, मला वाटलं होतं तशीच. काकूंच्या दाराला कडी. आमचं दार नुसतं लोटलेलं.

"अप्पा!"

उत्तर नाही.

मी दार ढकललं नाही. इतक्या लांबून जीव मुठीत धरून आले आणि उंबऱ्याशी थांबले. दार ढकललं नाही तोवर काहीच झालेलं नव्हतं. मी तिथंच उभी राहून वास घेतला. आपल्या बापाच्या घराचा असा वास कुणावर घ्यायची वेळ येऊ नये. गरम तेलाचा वास आला, हळदीचा आला. आणखी कसला आला नाही. मग मी आत गेले.

दाराजवळचं बटण वरच होतं. डबा काळा, वडी काळी. पलंगावर पांघरूण घडी करून ठेवलेलं, वर उशी. पलंग रिकामा. देवघर रिकामं. स्वयंपाकघर रिकामं. मागच्या दारातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात माणसाची सावली पडलेली होती, टोपी घातलेल्या माणसाची.

अप्पा परसात खुर्चीवर बसले होते. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. एक पाय उपड्या घमेल्यावर ठेवलेला, घोट्याला फडकं गुंडाळलेलं, फडक्यातून पिवळं तेल झिरपलेलं. पाय सुजून नारळाएवढा झाला होता. खुर्चीला टेकून त्यांची पिशवी, भरलेली, तोंड नाड्यानं बांधलेलं.

कान अलीकडं कमी झालेत, माझी हाक त्यांना गेली नव्हती. मी पुढं जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"आलीस? गाडी मिळाली न्हाय व्हय लवकर?"

मी खाली बसले. त्यांच्या चांगल्या पायाला धरून मी रडले, आणि अप्पा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत राहिले, "अगं, काय झालंय? पायच हाय की."

तेवढ्यात काकू ताट घेऊन मागच्या वाटेनं आल्या. त्यांच्याकडून सगळं कळलं. सोमवारी पहाटे अप्पा न्हाणीत घसरले. फोन सदऱ्याच्या खिशात होता, तो बादलीत गेला. काकू सकाळी दूध द्यायला आल्या तेव्हा ते न्हाणीत पडूनच होते. त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं उचलून पलंगावर आणलं.

"मी म्हनलं, माज्या फोनवरनं लावा पोरीला. तर मलाच गप बसवलं की. म्हनलं गावातल्या डाक्टरला बोलवू, तर न्हाय. सून बटन लावाय गेली तर तिच्यावर वरडले. रोज सकाळी टोपी घालून, पिशवी भरून हितं येऊन बसत्यात. पोरगी येनार म्हनत्यात. संध्याकाळ झाली की पिशवी आत."

अप्पांनी काकूंकडं विजयी मुद्रेनं बघितलं. "फोन कशाला लावायचा? बटन लावलं न्हाय म्या. म्हनलं हुतं का न्हाय? बटन लावलं न्हाय की येती."

काकू माझ्याकडं बघत होत्या. सोमवारी बटण लावलं नाही आणि पोरगी गुरुवारी दुपारी आली, हे त्यांच्या नजरेत होतं. अप्पांच्या नजरेत ते नव्हतं. त्यांनी माझ्या उशिराचं कारण स्वतःच शोधून ठेवलं होतं, गाडी मिळाली नसणार.

"हो," मी म्हटलं, "गाडीच मिळाली नाही अप्पा."

नवरा लातूरहून सरळ मंगळवेढ्याला आला आणि आम्ही त्यांना गाडीत घातलं. सोलापुरात हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, घोट्याचं हाड तडकलं होतं. इतके दिवस कसं काढलंत म्हणून डॉक्टर रागावले. अप्पांना प्लास्टरपेक्षा त्या रागावण्याचंच वाईट वाटलं.

गाडीत येताना मी त्यांना विचारलं होतं, "न्हाणीत पडलात तेव्हा भीती नाही वाटली?"

"कशाची? उटता येत न्हवतं. म्हनलं पडू निवांत. सात वाजलं की कळतंय तिला. मग कशाची भीती?" मागं टेकून ते बाहेरची ज्वारी बघत होते. "रोज तसंच. रातचं ठनकायचं, पर म्हनायचो, तिला म्हाईत हाय. निगाली असंल."

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी नजर खिडकीबाहेर वळवली.

रात्री आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना आतल्या खोलीत निजवलं. फेरी मारता येत नव्हती म्हणून पलंगावरूनच हुकूम सोडत होते. "त्यो पंखा कुनासाठी? स्वयंपाकघरातला दिवा दिसतोय हितनं. घालव." मी एकेक बटण बंद करत गेले. आवाज नेहमीचाच होता आणि तो ऐकून मला बरं वाटत होतं.

स्क्रिप्ट थांबवायची राहिलीच. दिवसभराच्या धावपळीत ती माझ्या डोक्यातून गेली होती.

सकाळी मी चहा ठेवला होता. अप्पा पलंगावर उशीला टेकून बसलेले, माझा फोन त्यांच्याजवळच्या स्टुलावर. तो थरथरला. मी बाहेरून बघितलं तोवर त्यांनी चष्मा लावून फोन उचलला होता. अप्पा मोठ्यानं, एकेक अक्षर लावून वाचतात.

"अप्पा उठले. सगळं ठीक."

ते हसले. "अगं, ह्याला हितं पन कळतंय व्हय? म्या तर कुटलंच बटन लावलं न्हाय."

मी चहाचं भांडं हातात धरून दारात उभी होते. अप्पांचं हसू हळूहळू गेलं. ते फोनकडं बघत राहिले. आयुष्यभर रानात राहिलेला माणूस, पण हिशेब चुकलेला त्यांना लगेच कळतो.

"घरातलं बटन तर बंद हाय," ते म्हणाले. "म्या सोता बघितलंय निगताना."

"हो अप्पा."

"मग ह्याला कुनी सांगितलं?"

मी भांडं खाली ठेवलं.

"कालबी आलतं हे?"

"हो."

"सोमवारपास्नं? रोज?"

"रोज आलं. माझी चूक झाली अप्पा, मी ते नीट..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना चुकीबद्दल ऐकायचं नव्हतं. ते दुसरीकडंच कुठंतरी बघत होते, आणि ते कुठं बघत होते ते मला कळत होतं. ती न्हाणी, गार फरशी, वर पत्र्यातून येणारा उजेड. त्यानंतरच्या रात्री. सदरा घालून, टोपी घालून बसलेल्या सकाळी.

"म्हंजे तुला म्हाईतच नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"कुनालाच म्हाईत नव्हतं."

मी त्यांच्याजवळ बसले. अप्पांनी फोन स्टुलावर पालथा ठेवला. चार दिवस मोडक्या पायानं निवांत बसलेला माझा बाप, आमच्या फ्लॅटमध्ये, गादीवर, लेक-जावयाच्या सोबतीत असताना, त्या सकाळी घाबरला. मी बसमध्ये जे भोगलं ते अप्पा दिसले तिथं संपलं. त्यांचं तेव्हा कुठं सुरू झालं, आणि ते मी त्यांच्या हातात दिलं होतं.

त्याच दुपारी मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ती आपला प्रश्न थेट वडीकडंच नेते, तक्रारही हातात धरते, आणि काहीच आलं नाही तर ठणाणा करते. मी ते त्यांना दाखवायला गेले. त्यांनी पडद्याकडं बघून मान हलवली, 'बरं हाय की' म्हणाले नाहीत. मीही आता रोज फोन करेन म्हटलं. "कर," म्हणाले. एरवी यावर त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली असती.

रात्री जेवणं झाली. मी त्यांचं पांघरूण नीट केलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. हुकूम यायची वाट बघितली. आला नाही. म्हणून मीच पंखा बंद केला, बाहेरच्या खोलीतला दिवा घालवला आणि त्यांच्या खोलीतल्या दिव्याच्या बटणाला हात लावला.

"राहू दे," अप्पा म्हणाले.

"काय?"

"दिवा. राहू दे चालू."